आधी पसारा, मग फूल: मिश्र माध्यमातलं पहिलं अमूर्त पुष्पचित्र

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांच्या हाताला एक सवय कायमची लागलेली असते. आधी पेन्सिलीने बारीक बाह्यरेषा, मग खोडरबर, मग पोस्टर कलरचा सपाट हात, आणि रेषेबाहेर रंग गेला की पोटात गोळा. संकल्पचित्राच्या पेपराला ती शिस्त लागतेच, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथे आपण जे चित्र करणार आहोत, त्याचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी रंग सांडायचा, कागद फाडून चिकटवायचे, ठसे उमटवायचे, कागदाचा पार उकिरडा करायचा आणि सगळ्यात शेवटी त्या पसाऱ्यातून फुलं शोधून काढायची. ज्यांना 'मला चित्र काढता येत नाही' असं ठामपणे वाटतं, त्यांचं हे चित्र बऱ्याचदा जास्त मोकळं होतं, कारण बिघडवण्यासारखं काही आपल्याकडे आहे असं त्यांना वाटतच नसतं.

गोदाघाट आणि काठावरची देवळं जलरंगात उतरवण्याची नाशकात मोठी परंपरा आहे. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची चित्रं बघितलेल्या गावात चित्र म्हटलं की समोरचं हुबेहूब कागदावर, असंच डोक्यात येतं. त्या वाटेला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. आपली वाट शेजारची आहे आणि तिच्यावर पहिल्याच दिवशी पाऊल टाकता येतं. घरातली फरशी, जुनी वर्तमानपत्रं, रविवारची दुपार आणि सोमवारची संध्याकाळ एवढ्यात काम भागतं. मधली रात्र वाळण्यासाठी.

मिश्र माध्यम म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, खडू, शाई, कापड, हाताला लागेल ते. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात वर्तमानपत्राचे आणि भिंतीच्या छापील कागदाचे तुकडे चिकटवायला सुरुवात केली, तिथून या प्रकाराला कलेच्या इतिहासात मान मिळाला. पण मला त्यांच्यापेक्षा इंग्लंडच्या मेरी डिलेनीबाई जवळच्या वाटतात. त्यांनी १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ हजार केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची फुलं वनस्पतिशास्त्राला धरून होती, आपली अजिबात नसणार. तरी 'या वयात कुठे' असं म्हणणाऱ्या आत्या-काकूंना हा दाखला जरूर द्यावा.

बाजारात एक फेरी

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचं गाव, असं होतं. फुलांशी नातं तेव्हापासूनचं आणि ते अजून टिकून आहे. त्यामुळे मोबाइलवर फुलांचे फोटो शोधत बसण्याआधी सकाळी पंचवटीत गणेशवाडीच्या फुलबाजारात एक फेरी मारा. दसरा-दिवाळीच्या आधी गेलात तर पाय ठेवायला जागा नसते, पण बघायला तीच वेळ उत्तम.

बघायचं कसं, हे महत्त्वाचं. झेंडूच्या ढिगासमोर उभं राहा आणि डोळे किलकिले करा. सुटी पाकळी दिसेनाशी होते, सुटं फूलही दिसेनासं होतं, उरतो तो केशरी रंगाचा एक डोंगर आणि त्यात काही काळपट खळगे. शेजारी शेवंतीचा फिका पिवळा, मध्येच अष्टरचा जांभळा, खाली ओल्या गोणपाटाचा तपकिरी. अमूर्त चित्राला एवढीच सामग्री हवी असते: रंगाचे लहानमोठे तुकडे आणि ते एकमेकांना कुठे भिडतात ते. वहीत फूल काढू नका. तीन रंग लिहा, एक आकार खरडा, एक हालचाल लिहा. 'निशिगंध, सरळ उभा, टोकाला वाकलेला' एवढं पुरे.

ठसे उमटवायला पावशेर झेंडू घरी आणा. राहिलेले देवाला.

आकाराच्या बाबतीत आपल्या डोक्यात पाच पाकळ्या आणि मध्ये गोल हा साचा इतका पक्का असतो की तो मोडायला थोडी मदत लागते. त्यासाठी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या कंदीलपुष्पाचा फोटो बघा. या डोंगराचंच नाव मिळालेली ही वनस्पती आहे. फुगीर बूड, वर निमुळती नळी आणि टोकाला एकमेकींना चिकटून पिंजरा करणाऱ्या पाकळ्या. हे फूल आहे असं कुणी सांगितलं नाही तर पटणार नाही. फोटोच बघा बरं का, डोंगरावर जाऊन तोडू नका. फार दुर्मीळ आहे ते.

सामान

विकत घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि मेन रोड, एम. जी. रोड किंवा कॉलेज रोडवरच्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. कागद मात्र जाड हवा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), ए-थ्री आकाराचा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा होतो, मग गोंद, मग भोकं. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको. रंग ॲक्रिलिकचे. हे पाण्यात मिसळतात, पण एकदा वाळले की पाण्याने सुटत नाहीत, म्हणून थरावर थर देता येतो. पोस्टर कलरचा खालचा थर वरच्या ओल्या हाताने पुन्हा विरघळतो, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. या गुणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: कपड्यावर वाळलेला ॲक्रिलिक निघत नाही. घरातला सगळ्यात जुना सदरा किंवा गाऊन घाला आणि ब्रश पाण्याच्या डब्याबाहेर ठेवून चहाला जाऊ नका.

किती रंग? पिवळा, केशरी, राणी, पांढरा आणि एक गडद निळा. बस्स. बारा ट्यूबची पेटी घेतली की बाराही रंग वापरावेसे वाटतात आणि चित्राची भेळ होते. पिवळा, केशरी आणि राणी हे शेजारी-शेजारी राहणारे रंग आहेत, कसेही मिसळले तरी गोड दिसतात. निळा आणि राणी मिळून जांभळा देतात, निळा आणि पिवळा हिरवा देतात, म्हणजे देठापानांचीही सोय झाली. पांढरा मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, तो सगळ्यात आधी संपतो.

एक इंचाचा चपटा ब्रश, एक मधल्या जाडीचा गोल ब्रश, ऑइल पेस्टलची छोटी पेटी, काळं वॉटरप्रूफ पेन, मास्किंग टेप आणि एक छोटा रबरी रोलर. चिकटवायला दुकानातलं मॅट मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकसोबत वापरायचा, चमक न येणारा चिकट द्रव, सर्वांत चांगलं. सुरुवातीला फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून केलेलं मिश्रणही चालतं.

बाकीचं सगळं घरात किंवा गल्लीत फुकट आहे, आणि नाशकात तर जरा जास्तच. कांद्याची लाल जाळीदार गोणी कापून ठेवा, तिच्यासारखं स्टेन्सिल विकत मिळत नाही. द्राक्षाच्या पेटीतला फुगेवाला प्लास्टिकचा कागद, खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा, जुनं एटीएम कार्ड, लाकडी फणी, भेंडी, अर्धी चिरलेली कोबी. कागदांमध्ये जुनी दिनदर्शिका, लग्नपत्रिकांचे सोनेरी कपटे, किराणा सामानाच्या चिठ्ठ्या, टपालाची वापरलेली तिकिटं. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं नाशिक रोडला छापली जाताहेत, तेव्हा नाशिककराच्या चित्रात एखादं तिकीट असायला हरकत नसावी. शिंप्याकडच्या चिंध्या आणता येतात. येवल्याच्या पैठणीच्या काठातली असावलीची वेल, म्हणजे फुलांची नक्षी, बघून ठेवण्याजोगी आहे. फक्त बघून! आईच्या पैठणीला कात्री लावल्यास त्याला हा लेख जबाबदार नाही.

पहिली पायरी: एकाऐवजी दोन कागद

पुठ्ठ्यावर किंवा पाटावर दोन कागद चारही बाजूंनी टेप लावून पक्के करा. टेपमुळे कागद वाकत नाही आणि शेवटी टेप काढल्यावर स्वच्छ पांढरी चौकट मिळते. टेप घट्ट दाबा, नाहीतर रंग खाली शिरतो.

दोन कागद का? एकच असला की जीव त्याच्यात अडकतो. दुसरा असला की पहिल्यावर हात सैल पडतो, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम चालू राहतं, आणि ओल्यावर ओलं थापण्याचा मोह टळतो. तिसऱ्याला जागा असेल तर तिसराही लावा.

दुसरी पायरी: डाव्या हाताने रेघोट्या

नेहमीचा हात पाठीमागे ठेवा. दुसऱ्या हातात पेन्सिल किंवा कोळसा घेऊन पाच मिनिटं कागदभर रेघोट्या मारा. वेटोळी, जोरात ओढलेल्या रेषा, बाजारात लिहून आणलेले शब्द, वाण्याची यादी, ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव, काहीही. हे सगळं झाकलं जाणार आहे. एखाद-दुसरी रेघ शेवटपर्यंत रंगातून डोकावत राहते आणि तीच चित्राला खोली देते. इथे ऑइल पेस्टल मात्र वापरू नका. त्याच्या तेलकट थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि पुढे पोपडे निघतात.

तिसरी पायरी: धप्पा

नाशिककरांना रंगपंचमीची रहाड वेगळी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: जुन्या नाशकात चौकाचौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत. वर्षभर ते झाकलेले असतात आणि रंगपंचमीला उघडतात. पळसाच्या फुलांसारख्या गोष्टी उकळून केलेला रंग त्यात भरतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि लोक काठावरून त्यात धप्पा मारतात. काठावर उभं राहून पाणी किती खोल, रंग कोणता, असा हिशेब करणाऱ्याला मागचा माणूस ढकलतोच. कोऱ्या कागदावर पहिला रंग टाकताना हाच हिशोब.

पिवळा, केशरी आणि राणी वाटीत पाण्याने पातळ करा, साधारण ताकाइतके. कागद ओला करा. एका रंगाने ब्रश भरून कागदावर टाका, पाट उचलून वाकडा करा, ओघळ येऊ द्या. दुसरा रंग त्याच्या काठावर सोडा. बोटं वापरा, स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा, खडेमीठ भुरभुरवा. मिठाचे कण पाणी शोषतात आणि वाळल्यावर तिथे बारीक फिकट तारे राहतात. मीठ पूर्ण वाळल्यावर झटकायचं. ॲक्रिलिकमध्ये हा परिणाम जलरंगाइतका ठसठशीत येत नाही, रंग खूप पातळ असेल तरच जमतो.

निळ्याची ट्यूब या पायरीला उघडूसुद्धा नका. केशरी आणि निळा, पिवळा आणि जांभळा, लाल आणि हिरवा या जोड्या ओल्या असताना एकत्र आल्या की चिखल होतो. वाळलेल्या केशरीवर निळा आला तर दोन्ही उजळून दिसतात. नवशिक्यांची निम्मी चित्रं याच एका कारणाने मातकट होतात.

एप्रिल-मेमध्ये नाशकात हवा इतकी कोरडी असते की ताटलीतला रंग बघता बघता कातडं धरतो. म्हणून थोडाथोडाच काढा आणि वरून पाण्याचा फवारा देत राहा. श्रावणात उलट, तासभर झाला तरी बोटाला चिकटतो. तेव्हा हेअर ड्रायर वापरा, पण वीतभर लांबून, आणि एका जागी धरून ठेवू नका.

चौथी पायरी: फाडा आणि चिकटवा

पहिला थर बोट लावून पाहा. थंडगार लागला तर आत अजून ओल आहे. वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कागद कात्रीने कापला की काठ धारदार येतो, हाताने फाडला की तंतू दिसणारा, मऊ. दोन्ही थोडे थोडे असू द्या, पण फाडलेले जास्त. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण यंत्रावर कागद होताना त्याचे तंतू एका दिशेला बसतात. वेडावाकडा फाटलेला तुकडा पाकळीसाठी जास्त कामाचा. निफाड-दिंडोरीकडे शेतकरी द्राक्षाचे घड उन्हापासून वाचवायला वर्तमानपत्रात गुंडाळतात. असा उन्हापावसात राहून रंग उडालेला कागद कुणा शेतकरी नातेवाईकाकडून मिळाला तर सोन्याहून पिवळं. ती जुनकट छटा ट्यूबमधून येत नाही.

चिकटवण्याची पद्धत: खाली मिश्रणाचा हात, त्यावर कागद, वरून पुन्हा मिश्रणाचा हात. मग एटीएम कार्डाने मधून बाहेरच्या दिशेने हवा काढा. वरचा हात विसरलात तर कडा उचलतात. इंकजेट प्रिंटरवर छापलेले कागद ओले झाले की शाई पसरते. झेरॉक्सचा कागद चालतो, त्याची पूड उष्णतेने कागदावर पक्की झालेली असते.

खऱ्या पाकळ्या चिकटवायच्या का, हे प्रत्येक जण विचारतो. मी 'नको' म्हणते. ओल्या पाकळीला बुरशी येते. जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवलेली पाकळी चिकटते, पण तिचा रंग काही महिन्यांत तपकिरी होतो. तो तपकिरी आवडणार असेल तर खुशाल लावा.

किती कागद लावायचे? पृष्ठभागाच्या एक तृतीयांशापर्यंत. कोपऱ्यात सारख्या अंतरावर एकेक तुकडा लावू नका, दोन-तीन ठिकाणी गर्दी करा आणि बाकी मोकळं ठेवा. अक्षरं आडवी, उलटी असू द्या. सुलटी बातमी असली की बघणारा चित्र सोडून ती वाचत बसतो. इथे थांबा, वजन ठेवू नका, रात्रभर तसंच वाळू द्या.

पाचवी पायरी: ठसे

ही सगळ्यात मजेची पायरी. घरात मुलं असतील तर त्यांना आता बोलवा, आधी नको.

कांद्याची जाळी कागदावर ताणून धरा आणि स्पंजने घट्ट पांढरा टिपा. जाळी उचलल्यावर खवल्यांसारखी नक्षी मिळते. फुगेवाल्या प्लास्टिकवर रोलरने पातळ रंग लावून दाबा, ठिपके उमटतील. भेंडीचा काप पाच कोनांचं फूल देतो, शाळेत सगळ्यांनी केलंय ते, आणि म्हणूनच एखाद-दुसऱ्यावर थांबा. अर्धी कोबी मात्र थक्क करते, आतल्या पानांच्या घड्या गुलाबापेक्षा गुंतागुंतीच्या उमटतात. झेंडू देठाला धरून रंगात बुडवा आणि आपटा. दुसऱ्यांदा आपटलात की पाकळ्या तुटून नवीनच काहीतरी येतं. ठसा देण्यापूर्वी प्रत्येक वेळी रद्दी कागदावर एकदा दाबा. जास्तीचा रंग निघाला नाही तर नक्षीऐवजी डबकं मिळतं.

रोलरकडे विशेष लक्ष द्या. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे, भारतीय अमूर्त चित्रकलेतलं फार मोठं नाव, रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवत, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलत आणि ठसवत. त्यांच्या चित्रातली ती धूसर खोली आपल्याला येणार नाही, पण कृती करून बघता येते. निळ्यात भरपूर पांढरा मिसळून पातळ थर रोलरने फिरवा. तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून दाबा आणि झटकन उचला. खालचा केशरी मध्येच उघडा पडतो. हे एकदा जमलं की हात थांबत नाही. थांबवावा.

एकच ठसा तीन ठिकाणी, तीन आकारांत किंवा तीन छटांत आला तर डोळा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सर्व ठसे सगळीकडे आले तर छापील चादर होते.

सहावी पायरी: 'हे काय झालं?'

आता कागद भयंकर दिसेल. ही पायरी गाळता येत नाही. घरातलं कोणीतरी नेमकं याच वेळी येऊन 'अरे वा, कोण आजारी आहे?' अशा चेहऱ्याने बघून जातं. नव्या माणसांची बहुतेक चित्रं इथेच सोडून दिली जातात, खरं तर चित्राचं काम इथूनच सुरू होतं.

ब्रश धुऊन ठेवा. हातात काही घेऊ नका. चित्र भिंतीला टेकवून आठ-दहा फुटांवर बसा. मग ते आडवं करा, उलटं करा. चारही बाजूंनी बघा आणि ज्या बाजूला वजन खाली येतंय ती खालची बाजू ठरवा. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. सगळं एकाच राखाडी छटेचं दिसलं तर चित्रात रंग भरपूर असूनही गडद-फिकट नाही, म्हणजे पुढे एक ठसठशीत गडद जागा आणि एक स्वच्छ फिकट जागा लागणार. रंग कितीही सुंदर असले तरी हा फरक नसेल तर चित्र लांबून सपाटच दिसतं.

जुन्या लग्नपत्रिकेचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापा. ते समोरासमोर धरून चौकट करा आणि चित्रावर फिरवा. एखाद्या तळहाताएवढ्या भागात चौकट थांबते आणि वाटतं, इथे काहीतरी आहे. राणी रंगाचा डाग, त्यावर कोबीच्या घड्या, बाजूला फाटक्या दिनदर्शिकेचा काठ. ते तुमचं पहिलं फूल. त्याच्या मधोमध पेन्सिलने हलकी खूण करा. अशा तीन ते पाच जागा शोधा: एक मोठी, बाकीच्या लहान, सगळ्या एका रांगेत नकोत आणि सर्वांत मोठी बरोबर मध्यावर नको. शोधताना 'हा गुलाब, ही जास्वंद' असं नाव देऊ नका. नाव दिलं की हात लगेच तसं काढायला लागतो.

सातवी पायरी: झाकत जा

फूल रंगवायचं नाही, त्याच्या आजूबाजूचं झाकायचं. सगळ्या कृतीचा कणा हाच.

पांढऱ्यात कणभर पिवळा आणि त्याहून कमी राणी मिसळून सायीचा रंग करा. तो घट्ट ठेवा. चपटा ब्रश घ्या आणि खूण केलेल्या फुलाच्या बाहेरच्या बाजूने रंगवायला लागा. ब्रश फुलाकडून बाहेर ओढा. जिथे रंग थांबतो तिथे पाकळीचा काठ तयार होतो, आणि पाकळीच्या आत तुमचे सगळे ठसे, अक्षरं, ओघळ, रेघोट्या जशाच्या तशा राहतात. इतकी श्रीमंत पाकळी ठरवून काढता येत नाही.

काठ सगळीकडे सारखा करू नका. कुठे ठळक, कुठे कोरड्या ब्रशने पुसट, कुठे पार विरघळलेला. पूर्ण बंद काठाचं फूल कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं, अर्धवट उघडं फूल हवेत असल्यासारखं. पाच पाकळ्यांचा मोह पुन्हा होईल. होताच कंदीलपुष्प आठवा.

सायीच्या थरातही एखादी खिडकी ठेवा, जिथून खालची जाळी किंवा अक्षरं दिसतील. पण एक मोठा भाग, निदान चित्राचा चौथा हिस्सा, अगदी शांत राहू द्या. इथे कंजूषपणा होतो. एवढ्या मेहनतीने केलेले ठसे झाकायला जीव धजत नाही. मी म्हणते, सगळ्यात आवडता ठसाच एकदा झाकून बघा. तो फुलाच्या कामाचा नसेल तर त्याच्याभोवती अख्खं चित्र अडून बसतं.

मग दुसऱ्या बाजूने गडद. निळ्यात थोडा केशरी मिसळून जवळपास काळा रंग होतो, ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत. तो सर्वांत मोठ्या फुलाच्या एकाच बाजूला, खालच्या अंगाला द्या. चारही बाजूंनी दिला तर चौकट होते. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून ओला असताना थोडा फिका वाटेल असाच ठेवा.

कितपत अमूर्त ठेवायचं, याला माझं एक साधं माप आहे. खोलीच्या दारातून फुलांचा भास व्हावा आणि जवळ गेल्यावर एकही फूल बोटाने दाखवता येऊ नये. दारातूनही काही वाटत नसेल तर एक देठ वाढवा. जवळूनही कुंडीतली फुलं दिसत असतील तर एखादं अर्धं झाकून टाका.

आठवी पायरी: रेषा, ठिपके आणि थांबणं

आता ऑइल पेस्टल बाहेर काढा. देठासाठी एक लांब रेष, खांद्यातून हात फिरवून, एका दमात. मनगटातून काढलेली रेष भित्री येते. परागासाठी शुद्ध पिवळ्याचे काही जाड ठिपके, ट्यूबमधून थेट. काळ्या पेनाने दोन-तीन पाकळ्यांच्या आत बारीक शिरा, पण सगळ्या पाकळ्यांना नाही. पेन पेस्टलवर चालवू नका, टोक बुजतं. जुनं तिकीट लावायचं असेल तर ते आत्ता, शांत भागाच्या काठावर.

थांबायचं कधी, हा अवघड प्रश्न. एखादी खूण 'इथे काहीतरी हवं' म्हणून सुचत असेल तर करा. 'अजून हात शिवशिवतोय' म्हणून सुचत असेल तर दुसऱ्या कागदाकडे वळा. दोन कागद त्यासाठीच घेतले होते.

टेप पूर्ण वाळल्यावर, तिरक्या कोनात, चित्रापासून बाहेरच्या दिशेने हळू काढा. चिकटून फाटायला लागली तर ड्रायरची किंचित ऊब द्या. चित्र जमलं नाही तर फेकू नका. त्यातले एल-चौकटीत छान दिसलेले तुकडे कापून शुभेच्छापत्रं करा, उरलेले फाडून पुढच्या चित्राच्या चौथ्या पायरीसाठी डब्यात ठेवा.

नातेवाईक विचारतातच, 'हे नेमकं कोणतं फूल गं?' 'तुम्हाला कोणतं वाटतं?' असं विचारा आणि ऐका. एकाला कमळ दिसतं, दुसऱ्याला कोबी. कोबी म्हणणाऱ्याचं बरोबर असण्याची शक्यता जास्त.

फ्रेम करताना काच लावा, कारण ऑइल पेस्टल कधीच पूर्ण कडक होत नाही आणि बोट लागलं की पसरतं. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी, नाहीतर पेस्टल काचेला चिकटतं. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा. दुपारचं थेट ऊन येणारीही टाळा, वर्तमानपत्राचा कागद त्यात भराभर पिवळा पडतो. आणि फ्रेमवाल्याकडे देण्यापूर्वी मागे पेन्सिलने बाण काढून 'वरची बाजू' असं लिहा. अमूर्त चित्र उलटं होऊन येणं अगदी नेहमीचं आहे. तसं आलंच, तर हुक बदलून घ्यायची घाई करू नका. आठवडाभर तसंच टांगून बघा.